दोनशे फेरे जास्त

दातांचे डॉक्टर जिना चढून वर आले, स्टुलावरचे जुने कॅटलॉग स्वतःच उचलून बाजूला ठेवून बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुम्ही आत डुप्लिकेट टाकलाय." एवढंच. सकाळचे अकरा वाजले होते, खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार मागे घेत होतं, दुसरा कुणीतरी त्याला 'येऊ द्या, येऊ द्या' करत होता, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या हातातली सोल्डर गन तशीच हवेत राहिली. शिवी दिली असती तर त्यानं हसून सोडून दिली असती. चोर म्हटलं असतं तरी आधी काय चोरलं ते विचारलं असतं. पण हा शब्द या खोलीत तीस वर्षांत त्याच्यासाठी कुणी काढला नव्हता. तो शब्द इथं फक्त त्यानं वापरायचा, आणि तोही दुसऱ्यांच्या कामाबद्दल, ओठ जरा वाकडा करून. जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर उराशी धरून लोक लांबलांबून हा जिना चढायचे ते एकाच भरवशावर: हा माणूस वर्षभर रखडवील, चार वेळा तोंडावर नाही म्हणेल, पण गेलेला भाग त्याच कंपनीचा, त्याच सालचा शोधून आणील आणि तोच बसवील. लोकांनी त्याचं नावच ओरिजिनल पाडलं होतं. 'ओरिजिनलकडे टाकलाय' म्हणायचे. आधी ती टिंगल होती, मग पदवी झाली, आणि खरं सांगायचं तर आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा त्याला हेच जास्त आवडायचं.

"डॉक्टर, तो कंपनीचा आहे," तो म्हणाला. "सीलबंद होता. शेवटचा. तुमच्यासाठी फोडला."

"असेल. मी कुठं खोटं म्हणतोय?" डॉक्टर म्हणजे सभ्य माणूस. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हीच त्याची पंचाईत. "पण खालचा आवाज गेला हो. पूर्वी माणूस छातीतून गायचा, आता घशातून गातोय. रविवारी आमच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या मंडळात लावला. बाराजण होते. बाराही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मी तुमची बाजू घ्यायला गेलो आणि तोंडघशी पडलो. पुढच्या रविवारपर्यंत पूर्वीसारखा करून द्या. नाही झालं तर मंडळाच्या पत्रकात मला लिहावं लागेल. तुमच्या शब्दावर लोक आपापली यंत्रं सोपवतात, त्यांना अंधारात ठेवणं माझ्याच्यानं व्हायचं नाही." मग त्यांनी खालून अ‍ॅम्प्लिफायर वर आणला, बाळाला ठेवावं तसा टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेले.

ते गेल्यावर त्याला जे सुचायला हवं होतं ते सगळं सुचलं. जन्मभर लोकांच्या तोंडात डुप्लिकेट बसवून पोट भरणारा माणूस मला अक्कल शिकवतोय, हे सगळ्यात आधी सुचलं, आणि ते वेळेवर सुचलं नाही याची हळहळ वाटली. मग संताप आला. एकोणीस वर्षं त्यानं तो ट्रान्सफॉर्मर कपाटात वरच्या फळीवर जपला होता. मुठीएवढी काळी पत्र्याची डबी, वर कंपनीचा शिक्का, भोवती मेणकागद. तसं पाहिलं तर क्षुल्लक वस्तू. व्हॉल्व्हमधून निघालेला आवाज स्पीकरच्या अंगी लागेल असा करून पुढं सोडायचा, एवढंच तिचं काम. पण त्या अ‍ॅम्प्लिफायरचा सगळा जीव त्या डबीत, आणि ती बनवणारी कंपनी तो शाळेत जायच्या आधीच बुडालेली. दोन गिऱ्हाइकं तो मागेल ती रक्कम देत होती, त्यांना त्यानं हात लावू दिला नव्हता. डॉक्टरांचा ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा एक रात्र विचार करून त्यानं तो फोडला, कारण डॉक्टरांच्या त्या यंत्राला त्याच्या मनात वेगळी जागा होती. ते बाबांनी दुरुस्त केलेलं. बाबा गेल्यावर दुकान त्याच्याकडे आलं तेव्हा असली आवाज कसा असतो हे तो या एका यंत्रावर शिकला होता. डॉक्टर परगावी जाताना ते इथं ठेवायचे, आणि तो दुपारी दार लोटून त्यासमोर बसायचा. तो आवाज कानात मुरवून त्यानं बाकी सगळ्यांचे आवाज मोजले. त्या मापानं कितीजणांचं काम त्यानं उघडून, हुंगून, परत पाठवलं असेल याला गणती नव्हती.

त्यानं यंत्र लावलं. एकदा लावलं, पुन्हा लावलं. आणि डॉक्टरांचं खरं होतं. ही गोष्ट कबूल करायला त्याला पाऊण तास लागला, मधे त्यानं स्पीकरच्या तारा बदलल्या, व्हॉल्व्ह बदलले, खिडकीसुद्धा लावून पाहिली. आवाज स्वच्छ होता, सरळ होता, पण त्याला बूड नव्हतं. सीलबंद, कोरा, कंपनीचा, आणि त्याला बूड नव्हतं. आता एकच मार्ग होता. जळका जुना ट्रान्सफॉर्मर त्यानं टाकला नव्हता, तो काहीच टाकत नसे. तो उघडायचा, नवा उघडायचा, आणि कंपनीनं मधल्या काळात कुठं हात आखडला ते डॉक्टरांना मांडून दाखवायचं. दोष कंपनीचा निघाला की आपलं नाव सुटलं. त्यानं जुन्याची डबी तापवली, आतलं डांबर वितळवलं, आणि चिमट्यानं गाभा बाहेर ओढला.

आधी कागद दिसला. कंपनीचा कागद जाड, तपकिरी. हा पातळ, पांढुरका, घरात असतो तसला बटर पेपर, कडा कात्रीनं कापलेल्या. मग तारांची टोकं दिसली. टोकं दोऱ्यानं बांधलेली होती, आणि त्या गाठीवर त्याचं बोट जाऊन थांबलं. दोन वेढे, मग टोक खालून आत घेऊन उलटं ओढलेलं. ही गाठ त्याला डोळे मिटून ओळखू आली असती. शाळेच्या डब्याच्या फडक्याला हीच असायची आणि त्याला ती कधी सुटायची नाही, मास्तरांकडून सोडवून घ्यावी लागायची. उशीच्या अभ्र्याला हीच. गेल्या आठवड्यात औषधांच्या पिशवीला हीच, आणि तो आईवर चिडला होता की दर वेळी कात्री का लागते. सगळ्यात आतल्या कागदावर पेन्सिलीनं २४ लिहिलं होतं, चाराचं शेपूट लांब ओढून, किराण्याच्या यादीत ओढलेलं असतं तसं. त्यानं चिमटा खाली ठेवला. त्याला पहिल्यांदा काय वाटलं म्हणाल, तर लाज वाटली. बाबांनी फसवलं, याची नाही. ती नंतर आली आणि फार टिकलीही नाही. तीस वर्षं याच टेबलाशी बसून, आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, हातानं तार गुंडाळून भरलेल्या ट्रान्सफॉर्मरला तो काय काय म्हणाला होता ते एकेक आठवायला लागलं. घरगुती माल. बायकांचा उद्योग. हो, हेसुद्धा म्हणाला होता, नक्की म्हणाला होता, आणि गिऱ्हाईक हसलं होतं.

आतल्या खोलीतून लहानपणी मशीनचा आवाज यायचा. दुपारी, दार लोटलेलं असताना, एकसुरी, मधेच थांबून पुन्हा सुरू होणारा. आई शिवतेय, असं सगळे म्हणायचे. तोही म्हणायचा. त्या मशीनवर शिवलेला एकही सदरा त्यानं कधी अंगात घातला नव्हता, कपडे कायम कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून यायचे, आणि छप्पन्न वर्षांत हे कधी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. माणूस कान तयार करण्यात जन्म घालवतो आणि घरातला आवाज कसला ते त्याला कळत नाही. त्याला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले तेव्हा त्यानं डांबराच्या धुराला दोष दिला.

आई खिडकीपाशी बसून नखं कापायचा प्रयत्न करत होती. ब्याऐंशी वर्षं, मोतीबिंदू काढलेला, हात थरथरणारे. त्यानं तो गाभा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पाहिला नाही, चाचपला. बोटं गाठीपर्यंत गेली आणि थांबली, त्याची थांबली होती तशीच.

"जळला होय," ती म्हणाली. "कुणाचा, दातवाल्यांचा? पहिलाच तो. एक्कावन्न वर्षं चालला, बरा चालला म्हणायचा."

"तू केलास?"

"मग काय तुझे बाबा? त्यांना सुईत दोरा ओवता यायचा नाही." तिनं नाक उडवलं. "त्यांचं काम बोलणं. ते त्यांनी केलं."

मग ती सांगत गेली, तो ऐकत गेला. ती सांगत होती ते सरळ नव्हतंच, मधे शेजारीण यायची, मधे त्याचा गोवर यायचा, पण त्याच्या डोक्यात ते आपोआप ओळीनं लागत गेलं. कंपनी बुडाली, सुटे भाग मिळेनात, बाबा डोक्याला हात लावून बसले. घरात जळके ट्रान्सफॉर्मर पडलेले. तार विकता येईल म्हणून ती ते उलगडायला बसली आणि उलगडता उलगडता फेरे मोजायची सवय लागली. जे उलगडता येतं ते गुंडाळताही येतं, असं तिला वाटलं. माहेरच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथं लाकडी ठोकळा बसवला. कंपनीच्या गाभ्यावर चोवीसशे फेरे होते, म्हणून शंभर फेरे झाले की काडेपेटीतली एक काडी ताटलीत टाकायची, चोवीस काड्या झाल्या की थांबायचं. पहिलाच ट्रान्सफॉर्मर, हात बसलेला नाही, आणि नेमकी त्याच दुपारी आत्या आली. तिला चहाची घाई. स्टोव्ह पेटवायला तिनं ताटलीतलीच काडी उचलली. ती विझली म्हणून दुसरी उचलली. "मला काय माहीत? मी आपली चोवीस भरेपर्यंत फिरवत बसले. शेवटचा थर डबीत मावेना. मग जाड कागद काढून पातळ घातला, दाबून दाबून बसवला. दुसऱ्या दिवशी तुझी आत्या म्हणते, तुझ्या काड्या कसल्या ओल्या गं, दोन लागल्या. तेव्हा उजेड पडला. दोनशे फेरे जास्त. पण तोवर यांनी तो बसवून, दातवाल्यांच्या सासऱ्यांना, यंत्र तेव्हा त्यांचं, ऐकवून, पाठवूनसुद्धा दिला होता. आणि सासरे म्हणाले, असा आवाज उभ्या जन्मात ऐकला नाही."

"आणि मग?"

"मग काय. मग सगळ्यांतच सव्वीस काड्या." तिनं मान जरा वर केली. "पातळ कागद आणि सव्वीस. कंपनीला जमलं नव्हतं ते."

त्यानं विचारायचं टाळलेलं शेवटी विचारलंच. बाबांनी कंपनीचा म्हणून का दिला. ती म्हणाली, मीच सांगितलं, बोलू नका म्हणून. बाईच्या हातचा म्हटलं असतं तर लोकांनी ऐकायच्या आधीच खोट काढली असती. मग त्यानं जमिनीकडे बघत विचारलं, आणि मी इतकी वर्षं डुप्लिकेटच्या नावानं बोटं मोडायचो, ते तुला ऐकू यायचं ना? तेव्हा ती हसली, तोंडात मोजके दात होते त्या सगळ्यांनी हसली.

"यायचं की. तू त्यांना शिव्या घालायचास, आणि मग माझाच लावून दाखवायचास, बघा, असली कसा वाजतो. मी इथं बसून फुगायचे. मला वाईट कशाला वाटेल, वेड्या? माझ्याइतकी शाबासकी या गल्लीत कुणाला मिळाली असेल? आता कुणाला सांगत बसू नकोस. दातवाल्यांना दुसरा भरून दे आणि मोकळा हो. तुझं नाव राहील, माझी गंमत राहील."

मशीन पलंगाखाली होतं. चार दिवस तो त्याच्याशी झटला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाला नाकं मुरडलेला हात, त्याला केसाएवढी तार धरवेना. दोनदा तुटली. आई मागं खुर्चीत बसायची, तिला तार दिसत नव्हती, पण चाकाचा आवाज जरा बदलला की ती म्हणायची, "सैल पडली," आणि खरंच सैल पडलेली असायची. बाराशेच्या पुढं गेल्यावर तिनं आणखी एक सांगितलं, थर संपता संपता श्वास धरायचा नाही, सोडायचा. त्याला तिचे ते दुपारचे थांबे आठवले, दाराआडचे. पाच वर्षांचा असताना त्यानं ते ऐकले होते आणि ते कशाचे हे आता त्याच्या स्वतःच्या छातीला कळत होतं. त्याला एकदम फार अभिमान वाटला, आणि तो नेहमीचा नव्हता. नेहमीचा अभिमान कुणाला तरी खाली ढकलून वर यायचा. हा नुसताच वर येत होता, आणि त्याला गिऱ्हाईक लागत नव्हतं. मात्र त्याबरोबर एक खुटखुटही होती. कंपनीचा ट्रान्सफॉर्मर त्यानं पुन्हा मेणकागदात गुंडाळून ठेवला होता. डॉक्टर येतील, ऐकतील, खूष होतील. काही बोलायचं नाही म्हटलं तर काहीच बोलावं लागणार नव्हतं.

डॉक्टर शनिवारी चार वाजता आले. रेकॉर्ड त्यांनीच आणली होती. आई आतल्या दाराशी येऊन बसली, हातात काहीतरी निवडायला घेऊन, दिसत नसलं तरी. सुई टेकली आणि पुरुषाचा आवाज आला, छातीतून आला, खोलीतल्या पत्र्याच्या डब्यांना जरासा जाणवला. ऐकताना डॉक्टर तोंड किंचित उघडं ठेवायचे, रोग्यांना सांगून सांगून स्वतःलाच सवय लागली असावी. बाजू संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"हा," ते म्हणाले. "हा असली. आता बोला." मग ते उठून उभे राहिले. "मी तुम्हाला वाटेल ते बोललो. उद्या मंडळात बाराजणांसमोर शब्द मागं घेतो. तुमच्यासारखा माणूस आहे म्हणून ही यंत्रं जिवंत आहेत, हे पत्रकात लिहितो. मला क्षमा करा."

चहा आलेला होता. तो पिऊन 'असू द्या हो' म्हणायचं, इतकंच काम उरलं होतं. त्यानं कप उचललासुद्धा. ओरिजिनल हे नाव त्याच्या जिभेवर गोड होऊन बसलं होतं, तीस वर्षांचं, आता तर छापून येणारं. दाराशी आईची बोटं थांबली होती, आणि त्याला कळलं की ती श्वास धरून बसली आहे.

"डॉक्टर," तो म्हणाला, "हा डुप्लिकेट आहे. परवाचा असली होता."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"आणि जळाला तोही डुप्लिकेट. एक्कावन्न वर्षं तुमच्या यंत्रात डुप्लिकेटच होता. माझ्या आईनं भरलेला. हा मी भरलाय, तिच्याकडून शिकून. तुम्हाला इतकी वर्षं कंपनीचा म्हणून सांगितलं ते चुकीचं सांगितलं. मला माहीत नव्हतं, पण तोंड माझंच होतं. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. कंपनीचा हवा असेल तर तोही बसवून देतो, आत्ता."

डॉक्टर हळूच पुन्हा स्टुलावर बसले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहिलं, मग वळून दाराकडे. नाव गेलं तर गेलं, असं त्यानं मनाला सांगितलं आणि मनानं ते ऐकलं नाही.

"काकू," डॉक्टर म्हणाले, "असे तुम्ही किती केलेत?"

आई त्याच्यावर डोळे वटारणार, असं त्याला वाटलं. पण तिनं मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि पाठ सरळ करून बसली. "एक्केचाळीस," ती म्हणाली. "एक तुमचा. दुसरा फोटोवाल्यांचा, पुलापलीकडे राहायचे ते. तिसरा शाळेच्या हॉलमधला. चौथा त्या जुळ्या भावांचा, त्याला मी पाच दिवस घेतले." तिला सगळे पाठ होते. कुणाच्या घरी गेला, तिथून कुणी घेतला, कोणता कितव्या दिवशी पुरा झाला. त्यातले निम्मे ओरिजिनलनं आपल्या हातानं उघडून, ऐकून, मान डोलावून परत केलेले होते, आणि डबी फोडायचं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं, रेकॉर्डचा कागदी खाकी लखोटा उलटा केला आणि त्यावर लिहायला सुरुवात केली. "जरा सावकाश," ते दोनदा म्हणाले.

सत्ताविसाव्यापाशी त्यांनी मान वर केली. "आणि क्लबातला? दिवाणखान्यातला तो मोठा? त्याच्यासारखा आवाज तर अख्ख्या शहरात नाही म्हणतात. तो तुमचाच असणार."

"तो होय," आई म्हणाली, आणि तिनं ओठ जरासा वाकडा केला. "छे. तो कंपनीचा."